तिनं धुतलेला सदरा

बाळला फाशी दिली त्याला चार दिवस झाले होते, आणि लाँड्री नेहमीसारखी सकाळी आठला उघडली. हॉटेलच्या चादरी भिजत पडल्या होत्या, दवाखान्याचे पडदे संध्याकाळपर्यंत पोचवायचे होते. बाळची थोरली बहीण, जिला सगळी आळी ताई म्हणते, इस्त्री तापवत होती. तिची सोळा वर्षांची भाची भिंगरी चादरींच्या कोपऱ्यांवर रंगीत दोऱ्याच्या खुणा घालत होती, म्हणजे एकाचे कपडे दुसऱ्याकडे जायला नकोत.

बाळ म्हणजे कुणी रांगतं मूल नव्हे हो! चांगला चाळिशी ओलांडलेला बाप्या. एकुलता एक मुलगा म्हणून आईवडिलांनी बाळ म्हटलं, आणि फासावर जाईपर्यंत तो बाळच राहिला. ताट भिरकावलं, तर बाळ दमलाय. बहिणीचा हात पिरगळला, तर बाळ जरा तापट आहे, पण मनानं साधा. अशी मनानं साधी माणसं घरोघरी आहेत. त्यांच्या बायकांना विचारा.

त्याची पहिली बायको, म्हणजे भिंगरीची आई, गच्चीवरून पडून गेली. कपडे वाळत घालताना पाय घसरला, असं घरच्यांनी सांगितलं. त्याच दिवशी धुण्यात बाळचा सदरा आला. बाही फाटलेली, खांद्यावर रक्त. लाँड्रीच्या धंद्यात एक शिस्त असते. डाग कसा पडला हे गिऱ्हाइकाला विचारायचं नाही, मुकाट्यानं काढायचा. ताई लहानपणापासून त्या शिस्तीत वाढलेली. तिनं सदरा गार पाण्यात टाकला, चोळला, बाही शिवली, वर कडक इस्त्री केली. पोलीस आले तेव्हा बाळच्या अंगात तोच सदरा होता.

वर्षही सरलं नाही, तोच बाळच्या आणि ताईच्या काकांनी त्याच्यासाठी दुसरी मुलगी पाहिली. "जबाबदारी पडली की येईल ताळ्यावर," असं म्हणाले. म्हणजे पुरुषाला सुधारायला एक मुलगी वाया गेली, तर गेली! ती बिचारी दोनदा माहेरी पळाली. दोन्ही वेळा काकाच जाऊन तिला परत घेऊन आले. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच, अशी तिची समजूत घातली. तिसऱ्या वेळी तिची आईच तिला न्यायला आली. बाळनं सुरा घेतला आणि दारातच दोघींचा जीव घेतला.

या वेळी ताईनं सदरा पाण्यात टाकला नाही. होता तसा उचलून पोलीस चौकीत नेला. कोर्टात उभी राहून तिनं दोन्ही सदऱ्यांची हकीकत सांगितली. आळी काय म्हणाली ठाऊक आहे? "सख्ख्या भावाला फासावर चढवलं गं बाईनं!" तीन बायकांचे जीव गेले तेव्हा या आळीच्या तोंडातून अक्षर फुटलं नव्हतं. भिंगरी तेव्हा सहा वर्षांची होती. पुढे ताईनं तिला बापाचं सगळं खरं सांगितलं, फक्त पहिल्या सदऱ्याचं सांगायची छाती झाली नाही.

तर त्या सकाळी काका लाँड्रीत येऊन बाकावर टेकले.

"झालं ते झालं. आता या पोरीचं बघायला हवं. फासावर गेलेल्याची मुलगी, हिला कोण करून घेणार? पण नशीब बघ, एक स्थळ चालून आलंय. स्वतःचं दुकान आहे. फक्त बिजवर आहे."

"पहिली कशानं गेली?" ताईनं विचारलं.

"अगं, ते आपण कशाला उकरायचं? त्यांनी आपलं काढलं नाही, आपण त्यांचं काढायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

ताईनं इस्त्री उभी करून ठेवली.

"काका, मुलगी मिळणार नाही. ती शिकेल, आणि तिला वाटलं तर तिचं ती ठरवेल. तुम्ही एकदा ठरवलंत तेवढं पुरे झालं."

"फार शहाणी झालीस! सांगू का हिला, हिच्या आईच्या वेळी तू काय केलंस ते?"

भिंगरीचा हात थांबला. ताईचा चेहरा उतरला, पण आवाज नाही.

"तुम्ही कशाला तसदी घेता? माझं पाप मी सांगते." आणि गल्लीवरच्या उघड्या दारात, दोन गिऱ्हाइकं उभी असताना, तिनं सांगितलं. रक्त, बाही, गार पाणी, इस्त्री. काही वगळलं नाही.

भिंगरीनं हातातली चादर बाजूला ठेवली. मग उठली आणि काकांची छत्री त्यांच्या हातात दिली.

"आजोबा, तुम्ही निघा. आत्याशी काय भांडायचं ते मी भांडेन, त्यात तुम्ही पडू नका. मी लग्न करणार नाही. आणि त्या माणसानं दुसरीकडे मुलगी बघितली, तर मी तिच्या घरी जाऊन सांगेन, आधी पहिलीचं विचारा म्हणून."

"जीभ बघा पोरीची!" काका तणतणत गेले. बाळला फाशी झाली. ज्यांनी त्याला दुसरी मुलगी मिळवून दिली आणि दोनदा ओढून परत आणली, ते मात्र आजही स्थळं सुचवत हिंडतायत. वाचकहो, तुमच्याही बैठकीत त्यांना खुर्ची मिळते. द्यायची की नाही, तुम्ही ठरवा.

गिऱ्हाइकं गेली. भिंगरीनं आत्याकडे बघितलं. डोळे भरलेले, पण नजर सरळ.

"का धुतलास गं?"

"घर मोडेल म्हणून भ्यायले."

"मग मोडू द्यायचं होतंस!" भिंगरी ओरडली. "माझी आई गेलीच होती. ती दुसरी तरी वाचली असती!"

ताईनं मान खाली घातली नाही. "हो," ती म्हणाली. "मोडायलाच हवं होतं."