उलटा ढाळ

नेरच्या कापसाच्या जिनात पूनमसिंग रुईच्या गाठी वाहायचा. तांडा सोडून गावात राहायला येऊन त्याला दोन वर्षं झाली होती, पण त्याच्या बायकोला, जमनीला, गाव अजून मानवलं नव्हतं. तांड्याजवळ नाला होता, झाडाझुडपांचा आडोसा होता. इथं घरामागची न्हाणी म्हणजे एक दगड आणि त्याभोवती कपाशीच्या पऱ्हाट्यांचा कूड. वाऱ्यानं कूड कलला की जमनी आंघोळ अर्धी टाकून ओल्या अंगानं घरात पळायची.

एकसष्टच्या दिवाळीनंतर तिला सातवा महिना लागला, तेव्हा पूनमसिंगनं मनावर घेतलं, बाळंतपणाआधी न्हाणी पक्की करायची. गवंडी लावायची ऐपत नव्हती. मग त्यानं जिनाच्या पडक्या भिंतीच्या विटा मालकाला मागून आणल्या, वाळू सायकलवर पोत्यानं वाहिली, कोपरे उडालेल्या चार फरश्या कुठून तरी मिळवल्या. शेजारची हंसाबाई आपणहून चुना कालवायला आली. ही विधवा बाई एकटी राहायची, लोकांच्या डाळी भरडून पोट भरायची.

"बाईच्या अब्रूचं काम हाये, पूनमभाऊ," ती म्हणाली. "दोन हात माहेबी लागू द्या."

फकिरा गवंडी रस्त्यानं जाता जाता थांबला. "ढाळ आंधी पाह्यजो बाप्पा. दोरी लावून घे."

"पानी काय वर चढते का?" पूनमसिंग म्हणाला. फकिरा हसला आणि चालता झाला.

फरश्या बसल्या त्या दिवशी पूनमसिंगनं घागरभर पाणी ओतून पाहिलं. पाणी मोरीकडे गेलं नाही. हंसाबाईच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात जमलं आणि पाहता पाहता जिरून गेलं. फरशी कोरडी झाली, एवढ्यानंच तो खूश. पाणी गेलं कुठं, हे त्याच्या मनातही आलं नाही.

माघात मुलगी झाली. रोज दोन हंडे गरम पाणी न्हाणीत पडू लागलं. महिनाभरानं एका सकाळी हंसाबाईनं त्याला हाक मारली.

"पूनमभाऊ, पाहा बरं. ज्वारीले वास सुटला. भर उन्हाळा लागून राह्यला अन् भित ओली काहून?"

तिची ज्वारीची कणगी भिंतीला टेकलेली होती. तिनं वर्षभराची बेगमी तिच्यात केली होती. पूनमसिंगनं कणगी सरकवली. खालची ज्वारी काळी पडून तिचा गोळा झाला होता. त्यानं विळ्यानं भिंतीचं बूड खणलं. माती लोण्यासारखी निघाली आणि तिच्यात शिकेकाईचा चोथा होता. तान्ह्या पोरीच्या अंगाला लावलेल्या हळदीचा वासही होता.

त्याला सगळं कळलं. हंसाबाई मागं उभी होती. त्यानं चोथा मुठीत दाबला आणि तोंडातून निघून गेलं, "घुशीनं पोखरलं, बाई. भोकातून ओल आली."

"तुमी होते म्हून समजलं," ती म्हणाली आणि तिनं त्याच्या दुसऱ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. त्यानं तो खाल्ला.

हंसाबाईनं घुशीसाठी भाकरीला औषध लावून ते तुकडे भिंतीशी ठेवले. चौथ्या दिवशी समोरच्या बबनरावांची अंड्यावरची कोंबडी तिच्या दारात मरून पडली. बबनराव गल्लीत उभे राहून ओरडू लागले. "चळ लागला का वं तुले? उद्या लेकरं मारशील!"

"घुशीसाठी ठेवली होती जी," हंसाबाई हात जोडून म्हणाली. "खोटं वाटत असन तं पूनमभाऊले विचारा. त्याईनंच पाह्यलं."

सगळी गल्ली त्याच्याकडे वळली. पूनमसिंग सायकल धरून दारात उभा होता. त्यानं होकाराची मान हलवली, "जिनात पाळी हाये माही," असं पुटपुटला आणि सायकलवर टांग टाकली.

जिनात त्या दिवशी त्याच्या हातून दोनदा गाठ सुटली. मुकादमानं शिवी हासडली, ती त्याला बरी वाटली. दुपारी तो घरी परतला आणि जमनीला सगळं सांगून बसला. जमनी आंघोळीचं पाणी काढत होती. तिनं हंडा तसाच उचलून अंगणात लिंबाच्या बुडाशी रिता केला.

"आंधी तिच्याकडं जा," ती म्हणाली. "मंग माह्यासंग बोल."

हंसाबाई सुपात नासकी ज्वारी निवडत होती, त्यातून काही खाण्याजोगी निघते का ते पाहत. त्यानं खाली मान घालून सांगितलं. सूप थांबलं.

"कवा समजलं तुले?"

ती नेहमी 'तुमी' म्हणायची. पूनमसिंग म्हणाला, "खणलं तवाच."

"म्हंजे गूळ खाल्ला तवा तुले माईत होतं."

तिनं शिव्या द्याव्या, तोंडात मारावं, असं त्याला वाटत होतं. ती पुन्हा ज्वारी निवडू लागली.

"मले नोको सांगू. ज्याइच्यासमोर मान हलवली, त्याइले सांग."

बबनराव ओट्यावर चौघांत बसले होते. पूनमसिंगनं उभ्या उभ्या सांगितलं. "जिनातला हमाल गवंडी झाला!" बबनराव म्हणाले आणि सगळे खदखदून हसले. पण तो थांबला नाही. चोथा मुठीत दाबल्याचं सांगितलं, घुशीचं नाव घेतल्याचं सांगितलं. हसणं हळूहळू विरलं. बबनराव पान लावत राहिले. हंसाबाईच्या दाराकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि पुढंही तिच्याशी ते एक शब्द बोलले नाहीत.

सुटीच्या दिवशी पूनमसिंगनं फरश्या उखडल्या. दोन फुटल्या. फकिराच्या घरी जाऊन, "दोरी कशी लावतेत, दाखव," म्हणाला. फकिरानं दाखवलं तसा ढाळ धरून त्यानं फरश्या पुन्हा बसवल्या. पाणी मागच्या नालीला लागलं. हंसाबाईची भिंत त्यानं स्वतः लिंपली. तांड्यावरच्या भावाकडून, खेमसिंगकडून, ज्वारीचं पोतं आणलं आणि गल्लीतून डोक्यावर वाहत तिच्या दारात टाकलं. तिनं पोतं ठेवून घेतलं.

पोरीला न्हाऊ घालायला हंसाबाई पुढं रोज येऊ लागली. पायांवर घेऊन चोळायची, गाणं म्हणायची, जमनीशी हसायची. पूनमसिंग कधी लवकर घरी आला की तिचं गाणं थांबे. ती पोरीला टॉवेलात गुंडाळून जमनीच्या हाती देई. "येते वं, जमने," म्हणे आणि पदर सावरून निघे. तो भिंतीला चिकटून तिला वाट देई.