तपासणी चालू आहे

दुष्काळाच्या साली माझ्या घरात ज्वारीची तीन पोती भिंतीला टेकून उभी होती आणि मी हुलग्याचं माडगं पिऊन दिवस काढत होते. पोत्यांची तोंडं सुतळीनं शिवलेली, सुतळीवर शिशाची गोळी ठोकलेली. ते सील. सील तोडलं की ज्वारी बियाणं राहात न्हाई, नुसता खायचा दाणा होतो, असं बियाण्याच्या केंद्रातल्या लोकांनी मला पढवून ठेवलेलं.

मालकाच्या माघारी हायब्रेट ज्वारीचं बी पिकवायचं मी एकटीनं ठरवलं. गाव हसलं, धनगराच्या बाईनं मेंढरं सोडून बियाणं धरलं म्हणे. म्हटलं, मेंढरंबी मीच राखली, तुम्ही पारावर बसून मिशा राखल्या.

बियाच्या ज्वारीचं सोवळं भारी. चहूकडं हाकेच्या अंतरात दुसरी ज्वारी चालत न्हाई; वाऱ्यानं तिचा फुलोरा उडून आला की बी बाटतं. शेजारचं रान धाकट्या दिराचं, धुळाजीचं. त्याला म्हटलं, "भावजी, यंदा ज्वारी पेरू नका. माझं बी पास झालं की तुमच्या घरची भाकरी माझ्याकडं लागली." त्यानं माझ्या शब्दावर तूर टाकली. पावसानं दगा दिला, तूर फुलातच करपली. माझ्या विहिरीला घोटभर पाणी होतं, त्यावर माझी ज्वारी तेवढी निघाली.

मंग केंद्राचा तपासणीस देवानंद आला. पोत्यांतून मूठ-मूठ बी काढून घेतलं आणि सील ठोकून गेला. ते बी जालन्याला पेरून बघणार, कणीस आलं की खरं का भेसळीचं ते कळणार. तोवर पोत्याला हात लावायचा न्हाई. मी तसा शब्द दिला.

भिंतीपलीकडं माझी धाकटी जाऊ, धुळाजीची गोपिका. दोन्ही घरांत जातं एकच, माझ्या ओसरीत. समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात घालायचा आणि गावच्या बायांची नावं ठेवत दळायचं. ती लग्न होऊन आली तेव्हापासून एकटीनं दळलेलं मला आठवत न्हाई. आता दळायलाच काही नव्हतं. तरी ती यायची, रिकाम्या जात्यापाशी बसायची.

एक दिवस म्हणाली, "बाई, हे म्हणून राह्यले, पैठणच्या धरणावर कामाला जाऊ. बाजार झाला की निघायचं."

"जा की. धरण तुझ्यावाचूनच अडलंय."

"घरात दाणा असता तर कशाला गेलो असतो?"

तिनं पोत्यांकडं बघितलं न्हाई. बघितलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी येष्टीनं जालन्याला गेले. केंद्रातल्या साहेबाला विचारलं, "माझ्या ज्वारीचं कुठवर आलं?"

"तपासणी चालू आहे."

"चालू म्हणजे कुठवर? उगवली का, पोटऱ्यात आली का?"

"ते मधे सांगत नसतात, बाई. निकाल लागला की कळवू."

"मंग बंद करा. मला तुमचा निकाल नको. सील काढून द्या, मी दळून खाते."

"चालू झालेली तपासणी बंद करता येत नाही. तशी सोय नाही."

"मोटेचा बैलबी कासरा ओढला की थांबतो. तुमच्या कामाला कासराच न्हाई का?"

बाकीचे टेबलावरचे हसले. साहेब हसला न्हाई.

मी बाहेर आले ती घराकडं न वळता केंद्राच्या मागच्या रानात गेले. तिथं एक राखणदार बाभळीखाली बसलेला. माझं बी दाखव म्हटलं तर काठीनं रान दाखवलं. भुईला हात जाईल अशा भेगा. ओळीच्या डोक्याला खुंट्या, खुंट्यांवर नंबर, आणि नंबरामागं वीतभर वाळलेलं काड.

"विहीर आटली बाई. एवढं वाढलं आन् बसलं."

"आत सांगितलं का?"

"सांगितलं. म्हणाले, बघू."

"मंग तपासणी कशी काय चालू आहे?"

"कागदाला पाणी लागत न्हाई, बाई."

मी त्यातलं एक काड उपटून घेतलं. येष्टीत ते मांडीवर धरून बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, हे काय? म्हटलं, निकाल.

घरी आले, विळा घेतला आणि एका पोत्याचं सील कापलं. शब्द जित्या बियासाठी दिला होता, मेलेल्यासाठी न्हाई. भिंतीवरून हाक मारली, "गोपे, ये. जात्यावर बस."

ती आली, पोत्याचं उघडं तोंड बघून दारातच थांबली. "बाई, पास झालं?"

"मेलं. चल, लाव हात."

आम्ही दळलं. ओवी तिनं म्हटली न्हाई, मीबी न्हाई. पीठ पडत होतं तोच धुळाजी आला.

"वहिनी, मी मुकादमाला शब्द देऊन आलो. उद्या निघायचं. आधी तोडलं असतं तर..."

"मीबी शब्दच दिलेला होता, भावजी."

त्या पिठाच्या भाकरी झाल्या वाटेची शिदोरी. अर्धं पोतं न्या म्हटलं, तर डोक्यावर पेलंल तेवढंच नेलं. गोपिकेनं दाराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडं दिली.

एकटीनं जातं ओढायला बसलं की खुंटा पलीकडं जातो आणि तिथंच अडतो. अलीकडून रेटायचं, उठायचं, परत बसायचं. भाकरी एकच लागायची, ती करायला निम्मा दिवस जायचा. गावातली निम्मी घरं तशीच बंद. भांडायलाबी कुणी उरलं न्हाई, ही माझ्यासारखीला शिक्षाच.

असे किती दिवस गेले आणि एका सकाळी दारात देवानंद उभा.

"बाई, एक सील तुटलंय."

"तुटलं न्हाई, तोडलं. माझ्या विळ्याचा अपमान करू नका."

तो हसला आणि ओसरीवर टेकला. "बरं झालं. वरून नवा हुकूम आलाय. ज्यांना नको त्यांना तपासणी बंद करता येते. अंगठा द्या, राहिलेली दोन सीलं काढतो, सुटलात."

"अंगठा कशाला? जयवंताबाई एवढं लिहिता येतं मला."

मी चुलीकडं गेले. भाकरी थापली, वर ठेचा ठेवला, ताट त्याच्या पुढ्यात सरकवलं. माझ्या ओसरीवर दुसरं माणूस जेवताना बघून किती दिवस झाले होते.

"आणि बंद न्हाई केली तर?"

"तर मला दर महिन्याला येऊन सील बघावं लागंल. कशाला तो व्याप? जालन्यातलं बी कधीच मेलंय, निकाल लागायचाच न्हाई."

मी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

"राहू द्या चालू."

"अहो बाई, पण..."

"राहू द्या म्हटलं ना. आणि पुढच्या खेपेला असेच सकाळी या. दुपारून आलात तर गार भाकरी खावी लागंल."