दहा एक्केचाळीसचा निरोप

आमच्याकडे मार्चच्या शेवटच्या रविवारनंतरचा सोमवार म्हणजे कटकटीचा दिवस. शनिवारी रात्री सगळा देश घड्याळं एक तास पुढे करतो, रविवारी समुद्रावर कुणी जात नाही, आणि सोमवारी सकाळी बघावं तर कितीतरी कोळ्यांनी बोटीवरचं घड्याळ तसंच ठेवलेलं असतं. घरातलं बदलतात, हातातलं बदलतात, बोटीवरचं विसरतात. मग त्याचा ताप आमच्या डोक्याला.

आम्ही चौघं स्वोलवेर बंदराच्या धक्क्यावर, जाळ्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसतो. लोफोतेन बेटांवरच्या लहान बोटींवर आमची एक पेटी बसवलेली असते. बोटीवरचं इंजिन चालू झालं की पेटी जागी होते आणि दर मिनिटाला निरोप पाठवते: बोट कुठे आहे, इंजिन किती तापलंय, तळात पाणी किती आहे, आणि कुणी मदतीचं लाल बटन दाबलंय का. वेळ मात्र ती बोटीवरच्या घड्याळातून घेते. निरोप आधी प्रवाहात येतो. तिथे आमची यंत्रणा तो वाहता वाहताच वाचते, पडद्यावरचा ठिपका हलवते, आणि गरज पडली तर आमच्या कानाशी बोंब मारते. मग तो निरोप क्लाउडमधल्या गोदामात जातो आणि कायमचा तिथे राहतो. हे गोदाम कुठल्या देशात आहे ते मलाही नीट माहीत नाही. आयर्लंड म्हणतात.

प्रवाहाच्या दारावरचा नियम माझा. निरोपावरची वेळ आणि खरी वेळ यांत दहा मिनिटांहून जास्त फरक असेल तर निरोप प्रवाहात घ्यायचा नाही, न वाचता थेट गोदामात टाकायचा. पूर्वी असे निरोप आत यायचे आणि पडद्यावर बोटी बेडकासारख्या मागे-पुढे उड्या मारायच्या. माझ्या नियमानं ते थांबलं. सहा वर्षं मी तो नियम नव्या माणसांना मोठ्या तोऱ्यात शिकवत आले.

माझा धाकटा भाऊ आयलिफ 'हावदिस' नावाची बोट एकट्यानं चालवतो. तो विसरायचा म्हणून नव्हे, मुद्दामच घड्याळ बदलायचा नाही. "उन्हाळ्याची वेळ ऑस्लोतल्या लोकांनी काढली. माशांना कुणी विचारलं का?" असं म्हणायचा. वर मलाच चिडवायचा, "आणि बघ गुनवोर, त्या सोमवारी बाकीचे तुझ्या पडद्यावरून गायब होतात. मी घड्याळाला हात न लावता हजर!"

मी नुसती हसायचे. कारण चार वर्षांपूर्वी मी गुपचूप एक ओळ लिहून ठेवली होती. मार्च ते ऑक्टोबर, 'हावदिस'चा निरोप आला की त्यावरच्या वेळेत आपणच एक तास मिळवायचा. ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. भावासाठी दार किलकिलं ठेवलंय हे काय सांगायचं?

त्या रविवारी मी कॉड रांधला होता, सोबत त्याची गाभोळी आणि कलेजी. जेवण दोनचं ठरलं होतं. आयलिफची बायको ओशिल वेळेवर आली. हा धक्क्यावर कुणाशी तरी गप्पा मारून तीनला उगवला, आणि वर म्हणतो, "माझ्या घड्याळात दोनच वाजलेत." कलेजीवर चरबी थिजली होती. माझं डोकं फिरलं.

"आईच्या अंत्यविधीलाही तू असाच तासभर उशिरा आलास," मी म्हणाले. "पाद्री थांबले नाहीत. आई तर थांबणारच नव्हती."

ओशिलनं माझ्याकडे बघितलं. आयलिफनं काटा खाली ठेवला, मग परत उचलला आणि ताटातलं सगळं मुकाट्यानं संपवलं. जाताना टोपी घालत नुसतं "बरं" म्हणाला. मला वाईट वाटलं, पण कबूल करायचं तर थोडं बरंही वाटलं होतं.

सोमवारी सकाळी पडद्यावर छत्तीस बोटी करड्या झालेल्या. ज्यांचे निरोप दारावरून थेट गोदामातल्या 'उशिराच्या' कप्प्यात पडतात त्या करड्या. दर वर्षीचेच घड्याळवाले. यार्ले आणि मी आठपासून फोनवर होतो. यार्ले माझ्याबरोबर बारा वर्षं आहे. माणूस शांत, पण त्या दिवशी त्याचाही संयम संपतो.

"नाही काका, बोट बुडालेली नाही. घड्याळ पुढे करा," तो कुणाला तरी सांगत होता. "पुढे. नाही, मागे नाही. पुढे!"

'हावदिस' मात्र बाल्स्ताच्या, म्हणजे आयलिफच्या गावच्या, धक्क्यावर निळी दिसत होती. निळी म्हणजे इंजिन बंद, बोट बांधलेली. शेवटचा निरोप शनिवार दुपारचा.

"तुझे बंधुराज आज सुट्टीवर?" यार्लेनं विचारलं.

"रुसलाय. झोपू दे," मी म्हणाले.

बाहेर हिमाचे लोट येत होते. पाच मिनिटं समोरचा डोंगर दिसायचा, पाच मिनिटं खिडकी नुसती पांढरी. दहाला आठ मिनिटं कमी असताना ओशिलचा फोन आला.

"गुनवोर, आयलिफ तुझ्याकडे आलाय का?"

"माझ्याकडे? घरी झोपला नाहीये?"

"झोपतोय कसला! पाचला घरातून गेला. डबा विसरलाय. फोनवर तुमचा तो ठिपक्यांचा नकाशा बघितला तर बोट धक्क्यावर दाखवतोय. म्हटलं आहे तर देऊन यावा. पण इथे बोटच नाही."

"नीट बघ. पलीकडच्या बाजूला बांधली असेल."

"अगं, पंचवीस वर्षं ती बोट घासतेय मी. ओळखणार नाही का? इथे मोकळा खुंटा आहे, बाकी काही नाही. तो फोनही उचलत नाहीये."

"मी बघते," मी म्हणाले. "फोन ठेवू नकोस."

मी रेडिओवरून हाक मारली. 'हावदिस', 'हावदिस', 'हावदिस'. नुसती खरखर. परत मारली. कुणीतरी दुसराच म्हणाला, सकाळी पश्चिमेकडे जाताना दिसला होता, नंतर हिमात काही दिसलं नाही.

"घड्याळवाल्यांमध्येच असेल," यार्ले म्हणाला आणि गोदामात शोधायला लागला. "उशिराच्या कप्प्यात बघतो. सगळे तिथेच पडलेत."

खरंच पडले होते. छत्तीस बोटी, प्रत्येकीचे शेकडो निरोप, बरोब्बर एक एक तास जुने. आम्ही यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. 'हावदिस' नव्हती.

"सगळं गोदाम शोध," मी म्हणाले. "फक्त 'हावदिस'. शनिवारपासून आत्तापर्यंत."

यार्लेनं टाइप केलं. थोडा वेळ ते चक्र फिरत राहिलं. मग शनिवार दुपारचे निरोप आले, तीन सव्वीसला संपले. त्याखाली काहीही नाही.

उशिराही नाही, वेळेवरही नाही. याचा एकच अर्थ मला माहीत होता. पेटी मेली होती. धक्क्यावर चावी काढली की पेटी झोपते, पण तिला वेगळी बॅटरी असते, समुद्रात इंजिन बंद पडलं तरी ती दिवसभर चालते. ती मरते फक्त पाण्याखाली गेल्यावर. पण मग पाचला निघाल्यापासूनचे तरी निरोप कुठे गेले? मी हात मांडीखाली घेऊन बसले, शाळेत बसायचे तशी.

"आहेस ना?" फोनमधून ओशिल म्हणाली.

"आहे."

"यार्ले," मी आवाज खाली आणून म्हणाले, "तुला एक सांगायचंय. 'हावदिस'साठी एक वेगळी ओळ आहे. मी लिहिलेली. तो घड्याळ बदलत नाही ना, म्हणून त्याच्या वेळेत एक तास आपोआप मिळवला जातो."

यार्ले माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटलं आता बोलणार काहीतरी. पण तो बोलला ते वेगळंच.

"आणि त्यानं बदललं असेल तर?"

"कुणी? आयलिफनं? मेला तरी बदल..."

पुढचं मी गिळलं. टोपी घालत "बरं" म्हणालेला तो माझ्या डोळ्यांसमोर आला.

"बदललं असेल तर, गुनवोर," यार्ले हळूच म्हणाला, "तर त्याच्या बरोबर वेळेत आपण आणखी एक तास घातलाय. मग तो उशिरा नसेल. तो पुढे असेल. आणि तू मला शोधायला सांगितलंस आत्तापर्यंतचं."

आम्ही सगळे तसंच विचारतो. अमुक दिवसापासून आत्तापर्यंत. आणि येताना ज्यावरची वेळ पुढची असते तो निरोप गोदाम वेगळ्याच कप्प्यात टाकतं, 'आत्तापर्यंत' म्हटलं की तो कप्पा उघडतच नाही. इतक्या वर्षांत मी गोदामाला कधी पुढच्या तासाचं काही विचारलेलं नाही. कशाला विचारेल कुणी? यार्लेनं 'आत्तापर्यंत' खोडलं आणि परत बटन दाबलं.

पडदा भरून गेला. पाच वाजून काही मिनिटांनी निघालेल्या बोटीचे निरोप, एकेक मिनिटाचे, आणि प्रत्येकावरच्या वेळेत एक तास जास्तीचा. मी सरळ तळाशी गेले. शेवटच्या निरोपावर वेळ होती दहा एक्केचाळीस. तळात पाणी: भरलेलं. लाल बटन: दाबलेलं.

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून सहा मिनिटं झाली होती. आणि खरं सांगते, क्षणभर मला हायसं वाटलं. दहा एक्केचाळीसला अजून पस्तीस मिनिटं आहेत, अजून काही झालेलं नाही, आपण त्याला सांगू शकतो, असं वाटलं. मग डोकं ठिकाणावर आलं. एक तास वजा. नऊ एक्केचाळीस. भाऊ पंचवीस मिनिटांपूर्वी बटन दाबून गेला होता आणि आम्ही लोकांना घड्याळ कसं लावायचं ते शिकवत बसलो होतो. माझ्या नियमानं त्याची हाक दारातूनच परत पाठवली होती. लाल बटनाला वेळेच्या नियमातून वगळावं हे सहा वर्षांत मला सुचलंच नव्हतं.

बचाव केंद्राला मी जागा वाचून दाखवली. पलीकडच्या बाईनं आकडे परत म्हणून दाखवले आणि विचारलं, "हा निरोप तुम्हाला कधी मिळाला?"

"नऊ एक्केचाळीसला," मी म्हणाले. "वाचला आत्ता."

लगेच रेडिओवर आसपासच्या बोटींना हाका सुरू झाल्या. यार्ले उशिराच्या कप्प्यातून त्या जागेजवळ कोण आहे ते काढत होता. 'स्वानहिल्ड' दोन मैलांवर होती. तीही घड्याळवाली, पडद्यावर करडी. तिनं उत्तर दिलं आणि वळली.

त्यानंतर करण्यासारखं काही उरलं नाही. मार्चमध्ये आमच्या समुद्राचं पाणी चार अंश असतं. तरंगणारा सूट घातला असेल तर माणूस बराच वेळ टिकतो, नसेल तर नाही. आयलिफ सूट घालतो का? घालतो म्हणायचा. घड्याळाबद्दलही काय काय म्हणायचा. ओशिल फोनवर होती. तिला मी सांगितलं होतं, सगळं नाही. दोघींनी फोन ठेवला नाही. मधूनच वारा ऐकू यायचा, आणि एकदा ती स्वतःशीच म्हणाली, "चीज लावलंय ब्रेडला. तपकिरी. त्याला आवडतं ते."

दहा बत्तीसला 'स्वानहिल्ड'चा आवाज आला. उलट्या पडलेल्या बोटीच्या तळाला चिकटलेला माणूस सापडला होता. नारिंगी सूट. जिवंत. बोलत नाही, पण डोळे उघडे.

मी फोनमध्ये ते ओरडून सांगितलं. ओशिल रडायला लागली. यार्ले खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. मी पडद्यावर बघितलं. 'हावदिस' अजून बाल्स्ताच्या धक्क्यावर निळी होती.

दुपारी मी हॉस्पिटलात गेले. आयलिफ तीन पांघरुणांखाली पडला होता, ओठ फाटलेले, हातांना पट्ट्या. ओशिल कॉफी आणायला गेली होती.

"ये," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "एकदा काय तुझं ऐकलं आणि बुडालो!"

चेष्टा करत होता. त्याला काहीच माहीत नव्हतं. मी खुर्ची ओढून बसले आणि सगळं सांगितलं: ती ओळ, ती का लिहिली, त्याचा निरोप कुठे गेला आणि किती वेळ पडून राहिला. सांगताना त्याच्याकडे बघायचं धैर्य झालं नाही. पट्ट्यांकडे बघून सांगितलं.

"रात्री बोटीवर जाऊन बदललं मी," तो म्हणाला. "तू आईचं काढलंस म्हणून. चार वर्षं मला वाटायचं, मी न बदलताही तुला दिसतो."

"हो."

"तू हसायचीस."

"हो."

"मला सांगायचंस तरी. दोन शब्दांचं काम होतं."

मला त्याची लाज वाटली होती आणि त्याच्यावर माझा भरवसा नव्हता, हेच खरं उत्तर होतं, आणि ते त्याला कळलेलं दिसत होतं. त्यानं छताकडे बघत डोळे मिटले. वाटलं झोपला. मग डोळे न उघडताच त्यानं विचारलं, "किती वाजले?"

"सव्वाचार."

"नक्की?"

तो चेष्टा करत नव्हता. मी उठून बाहेर गेले आणि नर्सला विचारून आले.