भावनाच्या गाडीतली गाणी

भावना घरत खांदा कॉलनीत बायकांना गाडी शिकवायची. तिच्या गाडीत गाणी लावायला सक्त मनाई होती. क्लचवरचा पाय आणि आरशातले डोळे एवढं सांभाळलं तरी पुष्कळ, असं ती प्रत्येकीला पहिल्याच दिवशी बजावायची.

हेतल शहा आली तेव्हा तिलाही बजावलं. हेतल शाळेतली गणिताची बाई, वय अठ्ठेचाळीस. सरळ रस्त्यावर छान चालवायची, पण चढ आला की तिचे पाय लाकडाचे व्हायचे. एका सकाळी पुलाच्या चढावर गाडी तीनदा बंद पडली. मागून हॉर्नचा नुसता कल्ला.

"हेतलबेन, माझ्याही पायाखाली ब्रेक आहे. गाडी मागे जाणार नाही," भावना म्हणाली.

हेतलने डोळे मोठे केले, खोल श्वास घेतला आणि ती चक्क गुणगुणायला लागली. तालावर क्लच हळूहळू सुटला आणि गाडी अलगद वर चढली.

"हे काय होतं?" पूल उतरल्यावर भावनाने विचारलं.

"'उलटा पंखा'चं गाणं आहे, मॅडम. नवीन अल्बम आलाय त्यांचा."

भावनाने कपाळाला हात लावला. खारघरच्या चार पोरांचा हा बँड तिला चांगलाच माहीत होता. दोन वर्षांपूर्वी आपटा गावात तिच्या चुलतभावाच्या हळदीत नवरदेवाच्या मित्रांनी हौसेने त्यांनाच आणलं होतं. मांडवात बायका पदर खोचून नाचायला उभ्या, आणि पोरं डोळे मिटून एकटेपणावर गातायत! शेवटी तिचे आनंदाकाका पुढे होऊन म्हणाले, "पोरांनो, कोन मेला हाय का?" मग बँजो पार्टीला बोलवावं लागलं. त्यानंतर 'उलटा पंखा'चं नाव निघालं तरी भावनाला जांभई यायची.

पण हेतलचा पाय त्या तालावर सुटत होता, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. शिकवणाऱ्या माणसाला याच्यापुढे बोलता येत नाही. "बारीक आवाजात," तिने परवानगी दिली. "आणि फक्त चढावर."

'फक्त चढावर' चार दिवस टिकलं. मग अख्खा अल्बम वाजायला लागला. पहिलं गाणं एसीच्या डब्यावर घरटं केलेल्या कबुतराशी चाललेल्या भांडणाचं. ते ऐकताना भावनाला हसू आलं, पण तिने खिडकीबाहेर बघत ते लपवलं. दुसऱ्यात मध्येच ढोलकी यायची आणि बोटं आपोआप डॅशबोर्डवर पडायची.

"मॅडम, सिग्नल सुटला का?" टकटक ऐकून हेतल विचारायची.

"तुम्ही समोर बघा."

तिसरं गाणं मात्र तिने आधी नीट ऐकलंच नव्हतं. एका दुपारी हेतल गाडी लावण्याचा सराव करत होती, मागे-पुढे, मागे-पुढे, आणि गाणारा पोरगा अगदी साध्या आवाजात म्हणत होता, 'आज काहीच घडलं नाही, म्हणून तुला फोन केला.' पुढे त्याने काय काय घडलं नाही ते सांगितलं. दूध उतू गेलं नाही, पाहुणे आले नाहीत, छत्री हरवली नाही. हेतलचं मागचं चाक फुटपाथवर चढलं तरी भावनाचं लक्ष नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने उरणला बहिणीला फोन लावला. एरवी दोघी बोलायच्या ते कुणाचं लग्न किंवा कुणाचा दवाखाना असला तरच.

"काय झाला गो?" रोशनीचा आवाज घाबरलेला.

"काय नाय झाला, ताई. म्हनून फोन केला."

पलीकडे रोशनी अशी हसली की तिला ठसका लागला. "बरी हायस ना?" म्हणत तिने कोलंबी साफ करता करता तासभर गप्पा हाणल्या. शेजारणीचं मांजर, जावयाचं पोट, नवीन पडदे. फोन ठेवला तेव्हा भावनाचा कान गरम झाला होता.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसताच तिने स्वतःहून सांगितलं, "तिसरं लावा."

हेतलने गालात हसत ते लावलं.

चाचणीच्या दिवशी गाणं लावायची सोय नव्हती. भावना लांब उभी राहून बघत होती. चढावर गाडी थांबली. भावनाने नकळत ताल धरला, शेजारचा माणूस बघायला लागला. गाडी वर गेली, पलीकडे उतरली, आणि हेतल पास झाली.

पुढच्या रविवारी बँडचा खारघरला कार्यक्रम होता. हेतलने नवऱ्याची गाडी काढली. भावना शेजारी बसली आणि पायाखाली ब्रेक सापडेना म्हणून सगळा रस्ताभर चटई दाबत राहिली. कार्यक्रमात कबुतराच्या गाण्याला दोघी नाचल्या, तिसऱ्या गाण्याला भावना मोठ्याने गायला लागली. सूर कुठल्या कुठे गेला, पण शब्द एकही चुकला नाही.

परत येताना हेतल म्हणाली, "आता त्यांचा पहिला अल्बम ऐका, मॅडम. तोच खरा."

"ऐकला. काल पूर्ण ऐकला. रडका आहे."

"रडका? अहो, खोल आहे तो!"

"खोल असेल. पण कंटाळवाणा आहे."

"तुम्ही पुन्हा ऐका."

"डावीकडे घ्या आधी. आणि मला मॅडम म्हणू नका आता, भावना म्हणा."

"मग, भावना," हेतल वळण घेत म्हणाली, "तुला गाण्यातलं काहीही कळत नाही."

भावना खो खो हसत सुटली. वाद कळंबोलीपर्यंत पुरला, आणि तिथे चहाला थांबून त्यांनी तो पुढे चालवला.