शोभेच्या शेंगा

आचारी महाराज सकाळी सांगरी भिजत घालायला गेले, तर बरणी रिकामी! वाळवंटातल्या झाडाच्या या शेंगा त्यांची थोरली बहीण दर उन्हाळ्यात वाळवून गावाहून पाठवायची.

"आज भाजी फरसबीची करा," हॉटेलचा नवा मॅनेजर दारातून म्हणाला. "तुमच्या काटक्या मी टेबलांवर मांडल्यात. कसं अस्सल वाटतंय बघा!"

महाराज बाहेर आले. प्रत्येक टेबलावर एक काचेचा पेला आणि त्यात ताईच्या शेंगा, फुलांसारख्या खोचलेल्या. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काटक्या? अहो, पाऊस दगा देतो तेव्हा आमची माणसं यांच्यावर दिवस काढतात! पाटीवर 'अस्सल राजस्थानी जेवण' लिहिता, सांगरी शोभेला ठेवता आणि गिऱ्हाइकाच्या ताटात फरसबी? जनाची नाही, निदान मनाची तरी ठेवा!"

एकेक पेला उचलून त्यांनी सगळ्या शेंगा पातेल्यात ओतल्या आणि वर पाणी घातलं.

"पण महाराज, टेबलं ओकीबोकी दिसतायत," मॅनेजर मागे मागे येत कुरकुरला.

महाराजांनी फरसबीची पिशवी त्याच्या हातात कोंबली.

"ही खोचा."