आक्काच्या हाकेची कॅसेट

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. गाणी मात्र माझ्या पोटात कधीच वाजली नाहीत. कोल्हापूरच्या दुकानातून मी थेट संयोगिता मॅडमच्या खांद्यावर चढलो. मॅडम भाषाशास्त्रज्ञ. निरनिराळ्या भाषा बोलताना माणसं तोंडातून कोणकोणते आवाज काढतात, याचा त्या अभ्यास करत. त्यांनी लाल बटण दाबलं की मी जिवाचा कान करून ऐकायचो. "याच्यासारखं कुणी ऐकत नाही," असं त्या म्हणाल्या की, अंगाला मांस नसूनही माझ्यावर मूठभर चढायचं.

एकदा दक्षिण आफ्रिकेतल्या एका विद्यार्थिनीचं बोलणं मी टिपलं. जीभ टाळूवरून झटकन सोडली की होणारा 'टॉक्' हा आवाज तिच्या भाषेत चक्क शब्दांत येतो. मॅडम हरखल्या. आपल्याकडे त्याच आवाजानं म्हशीला बोलावतात, हे त्यांना ठाऊक होतं. लगेच आम्ही शिरोळजवळच्या एका गोठ्यात गेलो. तिथं आक्का धारेला बसली होती. घरीदारी सगळे तिला आक्काच म्हणत.

"म्हशीशी बोलल्यालं भरून काय करणार गं बाई?" ती लाजली.

"जपून ठेवणार, आक्का."

मग आक्कानं टॉक् टॉक् करत हाक घातली, "ये गं चंद्रे, सोड गं माय." चंद्री पान्हवली. मी सगळं भरून घेतलं.

पुढे मॅडमनी नवं यंत्र घेतलं आणि मी कपाटावर गेलो. अंगावर धूळ बसली, आतलं रबर चिकट झालं. फार वाईट वाटायचं.

परवा आक्काचा मुलगा पिराजी दारात आला.

"मॅडम, आक्का गेल्यापास्नं चंद्री पान्हाच सोडंना. कास दगडागत झालीया. आज तिला न्यायला व्यापारी येतोय. आक्काची हाक हाय न्हवं तुमच्याकडं?"

मॅडमनी घाईघाईनं मला उतरवलं. गोठ्यात बटण दाबलं. टॉक् टॉक्... "ये गं चंद्रे..." म्हशीनं कान टवकारले. पिराजीनं तोंडावर टॉवेल धरला. आणि तेवढ्यात फीत माझ्या चाकात गुंतली आणि तटकन तुटली. शरमेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅडम तुटलेली टोकं जुळवू लागल्या. "हा आवाज वेळेवर दुसऱ्या कॅसेटवर उतरवून ठेवायला हवं होतं हो!"

चंद्रीच्या पाठीवर हात ठेवून पिराजीनं स्वतःच जीभ टाळूला लावली. आधी नुसतीच हवा निघाली. मग टॉक्. पुन्हा टॉक्. "सोड गं माय..." आवाज घोगरा, पण चाल आक्काची. चंद्री पान्हवली, तो धारेला बसला आणि बादलीत धार वाजली.

व्यापारी आला तेव्हा पिराजी म्हणाला, "पावणं, च्या घेऊन जावा. म्हस न्हाय द्यायची."

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांना अधूनमधून पुसा, चालवा; आम्ही पडून पडून बिघडतो. पण आपल्या माणसांचे आवाज नुसते आमच्यावर सोपवू नका. ती आहेत तोवर शेजारी बसून शिकून घ्या. पिराजीला हाक जमली खरी, पण ती ऐकायला आक्का गोठ्यात नव्हती.