दुसरा एंटर

तोमोएने एंटर दुसऱ्यांदा दाबला आणि मग पडद्याकडे पाहिलं. तिथे अस्वल नव्हतं.

असायला अस्वलच हवं होतं. सकाळी शाळेमागच्या टेकडीवर एक अस्वल दिसलं होतं आणि तशी सूचना गावभर द्यायची होती. पालिकेच्या आपत्ती विभागात हे हल्ली रोजचंच काम. पण पडद्यावर लिहिलं होतं : मोठ्या त्सुनामीचा इशारा, पाठवला. तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तेवढ्यात खिडकीबाहेरच्या खांबावरचा कर्णा वाजायला लागला.

"मोठी त्सुनामी येत आहे. लगेच उंचावर जा. मागे फिरू नका." आधीच भरून ठेवलेला बाईचा आवाज, अगदी शांत.

शेजारच्या टेबलावरचा तातेनो उठून उभा राहिला.

"भूकंप कुठे झाला?"

"कुठेच नाही," तोमोए म्हणाली. "माझ्या हातून गेलं ते."

तातेनो वसंतात प्रांताच्या मुख्यालयातून बदलून आला होता. माउसला हात लावणं त्याला कमीपणाचं वाटे. आल्या आल्या त्याने सगळ्यांच्या संगणकांवर एक लाँचर बसवला. दोन बटणं एकदम दाबली की पडद्याच्या मधोमध एक पट्टी उमटायची. तिच्यात दोन इंग्रजी अक्षरं टाका, की हवं ते काम समोर हजर. शिवाय ती पट्टी माणसाची सवय ओळखायची. जे जास्त वापराल ते सगळ्यात वर आणून ठेवायची. तोमोएची दोन अक्षरं सगळ्याच इशाऱ्यांना लागू होती, पण महिनोन्‌महिने अस्वलच वर यायचं. काल मात्र तातेनोने तिच्याकडून दुपारभर त्सुनामीचा इशारा घोटवून घेतला होता, ऐन वेळी हात अडखळायला नको म्हणून. दरवेळी शेवटच्या प्रश्नाला "नको" म्हणून ती बाहेर पडली होती. पट्टीने तेवढ्यावरून काय ते ओळखलं आणि अस्वलाला खाली ढकललं.

त्यातून एंटरची खोड. जपानी लिहिताना एंटर दोनदा लागतो. पहिला शब्द पक्का करायला आणि दुसरा कामाचा. शाळेपासून बोटांना तेच वळण. पट्टीत इंग्रजी अक्षरं असतात, तिथे पहिल्याच एंटरला काम होतं. "ताई, एकदाच दाबायचा, एकदाच," तातेनो घसा फोडून सांगायचा. आज दुसरा एंटर जाऊन पडला तो नेमका "पाठवू का?" या प्रश्नावर.

विभागप्रमुख धावत आले. काय झालं ते ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला आणि महापौरांना फोन लावला. इशारा द्यायला एक बोट पुरतं, मागे घ्यायला मात्र सतरा जणांचा होकार लागतो. तोमोएने तोवर वडिलांचा नंबर फिरवला होता. घंटा वाजत राहिली. कोणी उचलेना.

म्हणजे ते निघाले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले, आणि वर देवळापर्यंत नुसत्या दगडी पायऱ्या, त्यावर रात्रीच्या पावसाचं शेवाळ. घाईत पाय घसरला तर? लाट नाही, काही नाही, आणि माझ्या एका बोटापायी माझा बाप पायऱ्यांवरून पडायचा. आईला त्या मार्चमधल्या मोठ्या त्सुनामीत समुद्राने नेलं. शेजारणीला घेऊन येते म्हणून खाली परतली, ती आलीच नाही. आता राहिलेल्या एकाला मी लोटणार.

"इवाबुचीबाई, कुठे निघालात? महापौर येतायत."

"वडील खाली आहेत, साहेब."

प्रमुखांनी दाराकडे हात केला.

गाडी बंदराच्या रस्त्याला लागली तेव्हा अख्खं गाव समोरून वर येत होतं. कोणी ओरडत नव्हतं. पिशवी पाठीला, एकमेकांचा हात धरून, मान खाली घालून सगळे चढत होते. जमीन हलली नव्हती, पण न हलताही लाट येते हे इथल्या म्हाताऱ्यांना कोणी शिकवावं लागत नाही. तोमोए काच खाली करून सांगत राहिली, चूक झाली, लाट नाही. एकही माणूस थांबला नाही. इशारा झाला की कोणाचं ऐकायचं नाही आणि मागे फिरायचं नाही, हे तीच त्यांना दरवर्षी घसा कोरडा करून सांगत आली होती.

वळणावर किनुकाकू भेटल्या, वडिलांच्या शेजारच्या. सुनेच्या खांद्याला धरून धापा टाकत येत होत्या.

"खाली कुठे चाललीस गं? डोकं फिरलंय का तुझं?"

"काकू, लाट नाहीये. चुकून वाजलं."

"ते वर पोचल्यावर ठरवू. तू गाडी फिरव आधी."

"बाबा दिसले का?"

"पुढे गेला असेल. तुझा बाप काय मागे राहणारा आहे? दरवर्षीच्या सरावाच्या दिवशी आम्ही चपला शोधत असतो तोवर हा वर जाऊन निवांत पाणी पीत बसलेला असतो."

ते खरंच होतं. सरावाला तिचे वडील, केनसाकु इवाबुची, पहिले. गेली कित्येक वर्षं. तोमोएने पायऱ्यांपाशी गाडी थांबवून वरपर्यंत नजर टाकली, चढणाऱ्यांना विचारलं. कोणी त्यांना पाहिलं नव्हतं. पडलेलं, बसलेलंही कोणी दिसलं नाही. मग ती घराकडे वळली.

गल्लीत शिरताना कर्णा पुन्हा खरखरला. या वेळी आवाज तातेनोचा होता, घाबरलेला. "आधीचा इशारा चुकीने दिला गेला होता. त्सुनामीचा धोका नाही." तो हेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

घराची समुद्राकडची दोन्ही दारं सताड उघडी होती. वडील उंबऱ्याशी बसले होते. अंगात लग्नाकार्याला घालायचा काळा कोट, गळ्याशी बटण लावलेला पांढरा सदरा. केस पाण्याने चापून बसवलेले. दाढी नुकतीच केलेली, हनुवटीवर एक बारीक ओरखडा. आत फोन होता तिथेच होता.

धडधाकट होते. ती त्यांच्या शेजारी बसली.

"कुठे निघाला होतात?" तिने विचारलं.

"कुठे नाही."

"मग हा कोट?"

त्यांनी बाहीवरून हात फिरवला. "घातला आपला."

"इशारा ऐकला नाही का?"

"ऐकला की. अजून काही बहिरा झालो नाही." ते समुद्राकडे बघत होते. पाणी संथ होतं, समुद्रशेवाळ पिकवायच्या दोरांना बांधलेले तरंगते गोळे जागच्या जागी. "खोटा निघाला म्हणे."

येतो म्हणून सांगितलेल्या पाहुण्याचा ऐन वेळी न येण्याचा निरोप यावा, तसे ते हे म्हणाले. कोट कशासाठी होता ते तोमोएला तेव्हा कळलं. मघापासून ती शेवाळलेल्या पायऱ्यांना भ्यायली होती. त्या भीतीवर निदान काही करता येत होतं. आताच्या भीतीवर काहीच करता येत नव्हतं.

"सरावाला तर सगळ्यांच्या पुढे असता तुम्ही."

"तिथे तू असतेस ना, ते पिवळं जाकीट घालून. पालिकेतल्या बाईचा बापच घरात बसून राहिला, तर लोक तुझ्या तोंडावर बोलतील."

तिच्या खिशातला फोन थरथरला. तिने तो बाहेर काढला नाही.

"बाबा, ते माझ्याच हातून वाजलं."

वडिलांनी पहिल्यांदाच वळून तिच्याकडे नीट पाहिलं. मग त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला.

"म्हणजे गावभरच्या म्हाताऱ्यांना तू पळवलंस."

"हो."

"किनू पण पळाली?"

"पळाली."

"बरं झालं. चालतच नाही एरवी." ते हसले, आणि मग विचारलं, "नोकरीवर येईल का?"

"माहीत नाही."

"नाही यायचं. सगळे वेळेत वर पोचले ना? मग कोणाची तक्रार असायचं कारण काय?"

"सगळे पोचले," तोमोए म्हणाली. "एक सोडून."

रस्त्यावरून लोक परत येऊ लागले होते. कोणीतरी मोठ्याने हसलं, कोणीतरी पालिकेच्या नावाने बोटं मोडली. फोन थांबला आणि पुन्हा थरथरायला लागला.

"उठ, वाट बघत असतील तुझी," वडील म्हणाले.

तिने त्यांचं मनगट धरलं होतं. ते तिने सोडलं नाही.

"बाबा, पुढच्या वेळी वर जाल ना?"

"जाईन की," ते लगेच म्हणाले, अगदी नेहमीच्या आवाजात. "दरवेळी जातोच." आणि मोकळ्या हाताने ते कोटाची बटणं काढू लागले.